बुढीची गाय आणि शिकाऊ डॉक्टरीन

बायको गेली तेव्हा गाय गाभण होती. मागं उरलं काय म्हणाल तर तेवढंच उरलं. भांडीकुंडी होती, धान होतं, घर होतं. पण ज्याचं माणूस गेलं त्याला मी काय म्हणतो ते कळेल. बाकीच्यांना सांगून फायदा नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. जसं बोलतो तसंच लिहून राहिलो.

आमगावच्या अलीकडे आमचं गाव. पुढं धानाच्या बांध्या, मागं बोडी म्हणजे लहान तळं, बोडीच्या पाळीवर एक मोठा वड. गाय माझ्या गोठ्यात होती, पण गाय बुढीची, माझ्या बायकोची. गाईची माय तिला जन्म देऊन मेली होती. तेव्हा बुढीनं दुधात बोट बुडवून बुडवून ते वासरू वाढवलं. मी हसायचो. म्हणायचो, "पोराले नाई पाजलं एवढं लाडानं." ती म्हणायची, "पोरगं रडून मागत होतं. हे मुकं हाये." गाईशी ती पोवारीत, आमच्या घरच्या बोलीत बोलायची, अगदी माहेरच्यासारखी. माझ्याशी भांडायचं असलं की मराठीत.

तेरवीला पोरगा आला होता. तो पुण्याकडे कारखान्यात आहे, दोन खोल्या आहेत, सून चांगली आहे. सगळं खरं आहे. तो म्हणाला, "बाबा, आता इथं कायले राहता एकटे? चला."

मी म्हटलं, "गाय हाये."

"गाय देऊन टाका कोणाले."

"बुढीची गाय मी देत नाई. गाय हाये तवर मी येत नाई."

त्यानं मनात काय धरलं ते मला दिसलं. गाय म्हातारी आहे, किती दिवस पुरणार. तसं तो वाईट पोरगा नाही. मीही त्याच्या जागी तेच धरलं असतं.

त्याच दिवशी माझ्या लेकीनं आईची लुगडी वाटून टाकली. रिवाज आहे, गेलेल्या माणसाचं कापड घरात ठेवत नाहीत. कोणी हिरवं नेलं, कोणी जांभळं. पेटी रिकामी झाली. मी तिच्यात गाईच्या ढेपेचं, पेंडीचं पोतं ठेवलं.

मग थंडीत गावात जनावरांचं शिबिर झालं. तालुक्याच्या दवाखान्याचा डॉक्टर आला आणि त्याच्यासंगं एक शिकाऊ पोरगी. सोलापूरकडची. डॉक्टरकीचं शेवटलं शिक्षण चालू होतं आणि हाताला सवय व्हावी म्हणून तिला आमच्या भागात पाठवली होती. वाळकी, उंच, पायात रबरी बूट. शाळेच्या पटांगणात गाई-म्हशी रांगेत उभ्या आणि ही पोरगी खांद्यापर्यंत प्लास्टिकचा हातमोजा चढवून जनावराच्या मागं उभी. आमची म्हातारी माणसं तोंडावर गमछा धरून हसत होती. एक जण म्हणाला, "बाई, तुमच्याकडं लग्नात बांगड्या कुठवर भरते वो?"

ती मागं न पाहता म्हणाली, "इथवरच. हात बाहेर आला की दाखवते."

सगळे खो खो हसले. मीही हसलो. बुढी गेल्यावर पहिल्यांदा हसलो, आणि लगेच लाज वाटली.

माझ्या गाईनं तिला जवळ येऊ दिलं नाही. शिंग हलवत फिरायची. मी म्हटलं, "तिले मराठी समजत नाई. पोवारी बोला."

"पोवारीत काय म्हणायचं?"

"आव बाई, आव."

पोरीनं तसं म्हटलं. सोलापुरी तोंडानं म्हटलं, चुकीच्या जागी जोर देऊन. गाय थांबली. आता गाय काय समजली ते गाईला ठाऊक, पण थांबली खरी. पोरीनं तपासलं आणि म्हणाली, "आजोबा, वासरू सरळ आहे. पौष सरायच्या आत येईल. पण गाय म्हातारी झालीय, अशक्त आहे. व्यायच्या वेळी मला बोलवा. माझी पहिली केस होईल ही, माझ्या हातची."

शिबिराच्या शेवटी डॉक्टरनं तिला चार शब्द बोलायला लावले. तिनं दोन गोष्टी सांगितल्या. एक, वासरू जन्मलं की लगेच चीक पाजा, जार पडायची वाट पाहू नका. दुसरी, जार झाडाला बांधू नका, खड्डा करून चुना टाकून पुरा.

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. आमच्याकडं दोन्ही गोष्टी उलट्या. गाय व्याली की जार, म्हणजे वासराच्या मागून पडतं ते, पडल्याशिवाय चीक काढत नाहीत. वासरू ओरडलं तरी थांबवतात. आणि जार पडली की ती पोत्यात गुंडाळून, वर चिंधीनं आवळून बोडीच्या वडाला टांगतात. वडाला चीर दिली की पांढरं दूध निघतं, तसं गाईला दूध यावं म्हणून. त्या वडावर सगळ्या गावाची बोचकी लटकून आहेत. आमच्या घरचं हे काम बुढीच करायची. मी कधी गेलो नाही. बाईमाणसाचं काम.

त्यानंतर पोरगी आठवड्यातून एखादवेळ स्कुटीवर येऊन गाय पाहून जायची. सपरीत, म्हणजे ओसरीत बसून चहा प्यायची. मी करायचो तो चहा, म्हणजे कसा असेल. तिनं एकदाही तोंड वाकडं केलं नाही. एकदा म्हणाली, "आजोबा, साखर संपलीय का?" मी म्हटलं, "नाई, हाये." "मग घाला की थोडी." तिला कडब्याची सवय, धानाचं तणस पाहून म्हणायची, "यात काय जीव आहे खायला?" मी म्हणायचो, "आमी बी तांदूळच खातो, आमच्यात हाये का जीव?"

शेजारी माझा भाऊ राहतो. मधे मातीची भिंत, छातीएवढी. भावाची बायको माझ्याशी बोलत नाही. भांडण नाही, मी तिचा भासरा आहे, नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्यात भासऱ्याशी सून बोलत नाही. तिला मला काही सांगायचं असलं तर डोईवर पदर घेते आणि भिंतीला सांगते, कोंबडीला सांगते. मीही उत्तर भिंतीलाच देतो. एवढी वर्षं असंच चाललं. पोरीला हे कळेना. एकदा भावसून भिंतीपलीकडून म्हणाली, "गाईले रात्री गार लागते म्हणाव, पोतं टाकलं पाहिजे." पोरीनं इकडंतिकडं पाहिलं.

"त्या कुणाशी बोलतायत?"

"भिंतीशी."

"आणि भिंत ऐकते?"

"भिंतीले ऐकूनच घ्यावं लागते."

गाय दुपारी व्याली. सकाळपासून उठबस चालली होती. मी फोन केला. डॉक्टर दुसऱ्या गावी गेले होते, ती एकटीच आली. वासराचा एक पाय दुमडला होता. तिनं तो आतल्या आत सरळ केला, मी दोरी धरली, ती म्हणाली तेव्हा ओढायचं आणि ती म्हणाली तेव्हा थांबायचं. "आव बाई, आव," ती सारखी म्हणत होती. गाईला म्हणत होती का वासराला, का स्वतःलाच, कोण जाणे. वासरू आलं. तिनं त्याच्या नाकातला चिकटा बोटांनी काढला, छाती चोळली. त्यानं मान हलवली तेव्हा ती मातीतच बसली आणि हसायला लागली.

गोऱ्हा होता. भिंतीपलीकडून आवाज आला, "गोऱ्हा का करते आता? नांगराले ट्रॅक्टर हाये."

वासरू धडपडत उभं राहिलं आणि माझ्या धोतराचा सोगा चोखायला लागलं. पोरगी म्हणाली, "पातेलं आणा आजोबा. चीक काढू."

"जार पडू द्या."

"आजोबा, मी शिबिरात सांगितलं होतं."

"आयकलं होतं. पण माही बुढी असंच करे. जार पडल्याबिगर थेंब काढत नव्हती. सगळी वेतं अशीच झाली."

तिनं हात धुतले. माझ्याकडं पाहिलं. "त्या असत्या तर मी त्यांच्याशी भांडले असते. दोन तास भांडले असते. त्या ऐकल्या असत्या, कारण त्यांना हे वासरू हवं होतं. तुम्हाला कशाचंच काही पडलेलं नाहीये."

असं मला कोणी बोललं नव्हतं. तेरवीपासून सगळे हळू आवाजात बोलत होते. आत गेलो आणि गंज आणला.

तिनंच चीक काढला, पिवळाधम्मक. वासरू बाटलीला तोंड लावेना. मग मी गंजातल्या चिकात बोट बुडवलं आणि त्याच्या तोंडात दिलं. पहिल्यांदाच केलं. बुढीला करताना पाहिलं होतं तेवढंच. त्याची जीभ खरखरीत होती आणि इतकी गरम की मी हात काढून घेतला. मग पुन्हा दिला. पोरगी हळूच बाटली बोटाजवळ आणत गेली आणि ते प्यायला लागलं.

"वासरू प्यायलं, दूध निघालं की जार पडायलाही मदत होते," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत पडेल."

पडली नाही.

दुसऱ्या दिवशीही पडली नाही. भाऊ म्हणाला, जारेला खाली पायातला जोडा बांधू, वजनानं येईल. आमच्याकडं करतात तसं. पोरीनं हात आडवा केला, म्हणाली, आत फाटेल. डॉक्टर आले, औषधं टाकली, सुया दिल्या, मग जमेल तेवढी काढली. तुकड्यातुकड्यानं आली, वास येत होता. पोरीनं मागच्या धुऱ्याजवळ, बांधाच्या कडेला खड्डा केला आणि चुना टाकून पुरली. वडावर नेण्यासारखं त्यात काही राहिलंच नव्हतं.

गाईला ताप चढला. खाणं सोडलं. मी कण्यांची पेज केली, तिनं नुसतं तोंड ओलं केलं. पोरगी रोज यायची. दवाखान्याचं काम उरकून यायची, सलाईन लावायची, बाटली हातात उंच धरून उभी राहायची. मी म्हणायचो, खुंटीला लाव ना. ती म्हणायची, धार कमीजास्त करावी लागते. मला वाटतं तिला तसं उभं राहायचंच होतं. एका बाजूनं गाय दबू नये म्हणून आम्ही दोघं तिला कूस बदलवून द्यायचो, खाली तणस सारायचो. गाय वासराकडं पाहायची आणि हंबरायची, आवाज निघायचा नाही.

एका सकाळी मी गेलो तर मान लांब टाकून पडली होती. डोळे उघडे. मी खाली बसलो. मला वाटलं होतं मी रडेन. रडू काही आलं नाही. माश्या हाकलत बसलो.

पोरगी आली तेव्हा भाऊ आणि गावातली चार माणसं दोर घेऊन आली होती. तिनं स्कुटी फाटकापाशी लावली आणि तिथंच उभी राहिली. तेवढ्यात भिंतीपलीकडून भावसून कोंबड्यांना दाणे टाकत बोलली, चांगल्या मोठ्यानं बोलली.

"जार पडल्याबिगर चीक काढला. बुढी असती तर हातच लावू दिला नसता. शिकायले येते आन दुसऱ्याची गाय मारते."

माणसांचे दोर हातात तसेच राहिले. सगळे माझ्याकडं पाहायला लागले. आता मी हो म्हटलं असतं तरी, काहीच म्हटलं नसतं तरी, दोष पोरीवरच बसला असता. पोरीचे हात थरथरत होते, ते तिनं बगलेत धरले.

मला बुढीची वेळ आठवली. तिला मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. तिथला डॉक्टर बाहेर आला, चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. तोंडानं काही बोलला नाही. मी त्याला शिव्या दिल्या. गावात आलो तेव्हाही हीच भिंत बोलली होती, दवाखान्यात नेली म्हणून गेली, घरी ठेवली असती तर जगली असती. मला ते ऐकून बरं वाटलं होतं. राग धरायला कोणीतरी सापडला होता. त्या चष्म्यावर मी इतके महिने राग धरून होतो. त्या माणसाचे हात कसे होते ते मी पाहिलंच नव्हतं.

मी भिंतीला म्हटलं, "गाय म्हातारी होती. सातवं वेत होतं. या पोरीनं तिच्यासाठी जे केलं ते मी केलं नाई, तू केलं नाई. वासरू जित्तं हाये ते तिच्यामुळं. आता कोंबड्यांले दाणे पुरे कर."

भिंतीपलीकडून कोंबड्या हाकलल्याचा आवाज आला.

गाय आमच्याच शेताच्या कोपऱ्यात पुरली. माणसं गेल्यावर पोरगी गोठ्यात वासराजवळ जाऊन बसली आणि रडली. तोंड झाकून नाही, लहान पोरासारखी. मी तिच्याजवळ बसलो. मला असं कोणाला समजावता येत नाही. मी म्हटलं, "अजून लई मरतीन तुह्या हातानं. अशी रडशील तं मोठी डॉक्टरीन कशी होशील?"

ती रडता रडता म्हणाली, "असं कोणी बोलतं का आजोबा?"

"मंग का बोलू?"

"काहीच नका बोलू."

मग काहीच बोललो नाही. वासरू आमच्या दोघांच्या मधे उभं होतं आणि कधी तिचं बोट, कधी माझं, पाहून राहिलं होतं. तेव्हा मला रडू आलं. गाईचं होतं का बुढीचं, ते वेगळं काढता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर एक तांब्या ठेवलेला दिसला. दूध होतं, म्हशीचं, कोमट. कोणी हाक मारली नाही. मी वासराला पाजलं, तांब्या घासून परत भिंतीवर ठेवला. संध्याकाळी पुन्हा भरलेला.

पोरीचं शिक्षण आमच्याकडचं संपलं. जायच्या आदल्या दिवशी ती आली. वासराला तपासलं, पाठ खाजवली. मग म्हणाली, "आजोबा, तो वड दाखवाल?"

मला ठाऊक होतं ती काय म्हणेल. कुत्री, कावळे, रोग. तरी घेऊन गेलो. वासरू मागं मागं आलं.

वडाखाली मीही पहिल्यांदाच मान वर करून उभा राहिलो. कितीतरी बोचकी. युरियाची पोती, तरटाची पोती, कुठली सुकून खाली लोंबत होती, कुठली फाटून रिकामी झाली होती. आणि प्रत्येकाच्या गळ्याशी चिंधी. मी पाहत होतो आणि मला दिसलं. एका फांदीला हिरवी चिंधी होती. ते आमच्या लेकीच्या लग्नातलं लुगडं. त्याच्या पलीकडं तपकिरी, काळ्या काठाची. ते ती रोवणीला नेसायची, गुडघ्यापर्यंत चिखल. अजून एक, आता रंग कोणता होता तेही सांगता येत नाही, पण गाठ तिची. ती गाठ मारायची तेव्हा दोन पीळ जास्त द्यायची. पोत्याच्या तोंडाला, माझ्या डब्याला, सगळीकडं तशीच. मला सोडवता यायची नाही आणि मी ओरडायचो.

घरातली पेटी रिकामी केली होती सगळ्यांनी. इथलं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"कुठल्या तुमच्या?" पोरीनं विचारलं. मी हातानं दाखवल्या. ती बराच वेळ पाहत राहिली. कुत्र्यांचं काही बोलली नाही, रोगाचं काही बोलली नाही. मग म्हणाली, "एखादी सोडून देऊ? मी चढते. घरी ठेवा."

मी हात वर करून हिरवीचं खालचं टोक धरलं. उन्हानं इतकी विरली होती की बोटांत भुगा झाला. मी हात खाली घेतला.

"राहू दे. या गाठी मले कधी सुटल्या नाईत."

परतताना ती म्हणाली, "या वेताचं तिथं काहीच नाही लागलं. मी पुरलं म्हणून." मी म्हटलं, "त्याले लावायले चिंधी कुठं होती माझ्याकडं." ती खाली मान घालून चालत राहिली. फाटकापाशी वाकून माझ्या पाया पडली, वासराच्या कानात "आव बाई, आव" म्हणाली. मी म्हटलं, तो बाई नाही. ती म्हणाली, त्याला काय कळतंय. आणि गेली.

त्याच संध्याकाळी पोराचा फोन आला. गाय गेल्याचं त्याला भावानं सांगितलं होतं. आधी थोडा वेळ तो आईबद्दल बोलला, मग म्हणाला, "बाबा, आता तं गायही नाई. तिकीट काढू?"

वासरू तांब्याकडं मान लांबवून ओरडत होतं. पोराला फोनमधून ऐकू गेलं असेल.

"गोऱ्हा हाये," मी म्हटलं.

"गोऱ्ह्यासाठी राहता? त्याचं का करसान?"

"काही नाई. पाजतो."

"आन किती दिवस पाजसान?"

मला ठाऊक नव्हतं. खरंच ठाऊक नव्हतं. वासराचं दूध कधी तोडायचं, कधी तणसाला लावायचं, कधी त्याच्या गळ्यात दावं घालायचं, हे सगळं बुढी पाहायची. मी फोन कानाला धरून सपरीकडं वळलो, ती तिथं तांदूळ निवडत बसायची त्या जागेकडं, आणि विचारायला तोंडही उघडलं.

मग फोनमधे म्हटलं, "थांब बापा, दूध थंडं होऊन राहिलं," आणि वासराजवळ जाऊन बसलो.